गुडघ्यावरचा हात

लग्नाच्या मांडवात सनया दोन असतात, हे वाजवणाऱ्यांखेरीज फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. एक सनई गाते. ती नटते, मुरडते, वर चढते, खाली उतरते, नवरीच्या आईला रडवते. दुसरी नुसती असते. एकच सूर, आरंभापासून अखेरपर्यंत, ज्वारीच्या रानावर आभाळ असतं तसा. आभाळाकडे कोण बघतं? पण ते नसलं तर कणसं कशाखाली डुलायची?

संदिपान ऐवळे हा सूर धरणारा माणूस. मंगळवेढ्याच्या अलीकडे, माण नदीच्या काठी त्याचं गाव. गाणारी सनई थोरल्या भावाची, ज्ञानूदादाची, सूर संदिपानचा. गावची एस.टी. आता ड्रायव्हरवाचून धावत होती आणि पाखरं हाकायला रानावर यंत्रं घिरट्या घालत होती, तरी अक्षता पडताना जिवंत वाजंत्री पाहिजेच, म्हणणारी घरं पंचक्रोशीत शिल्लक होती. त्या घरांवर दोघा भावांची चूल पेटत होती.

सूर धरणं म्हणजे काय, तर श्वास मोडू न देणं. गालात वारा साठवायचा, तो ओठांनी सनईत ढकलत राहायचं, आणि तेवढ्यात नाकानं चोरून इवलासा श्वास आत घ्यायचा. बाहेरचा वारा क्षणभरही थांबत नाही. हे त्याला बापानं शिकवलं होतं, पपईच्या देठाची नळी अन् पाण्यानं भरलेला तांब्या देऊन. नळीतून फुंकायचं, पाण्यात बुडबुडे उठत राहिले पाहिजेत. बुडबुडा थांबला की पाठीत चिपाड बसायचं. "गाणाऱ्यानं दम घ्यावा, सूरवाल्यानं न्हाई," बाप म्हणायचा. "सूर तुटला तर लगीन उघडं पडतं."

मग सूर थांबायचा कधी? त्याचीही रीत होती. सूर धरताना डोळे मिटलेले. वाजवणं संपलं की थोरला भाऊ शेजारून त्याच्या गुडघ्यावर हात दाबायचा, अंगठा आतल्या बाजूला. तो हात पडेपर्यंत संदिपान थांबत नसे. एकदा भोसे गावात मांडवाच्या कापडानं पेट घेतला. वऱ्हाड पळालं, नवरदेव पळाला, भटजी तर सगळ्यात पुढं. संदिपान एकटा डोळे मिटून सूर धरून बसलेला. शेवटी ज्ञानूदादा धुरातून परत आला आणि त्यानं गुडघा दाबला, तेव्हा कुठं हा उठला. ती गोष्ट सांगून लोक अजून हसत. संदिपानही हसायचा. मनातून त्याला त्याचा अभिमान होता.

त्याची लेक कस्तुरा सहा वर्षांची. रांगायला लागली तेव्हापासून, हा रियाजाला बसला की ती त्याच्या मांडीवर येऊन त्याच्या पोटाला पाठ लावायची. "अप्पा, तुमच्या पोटात बेडूक हाय," म्हणायची, आणि त्या बेडकाच्या वरखाली होण्यावर झोपी जायची.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला खोकला लागला. मग सकाळी उठली की तोंड सुजलेलं दिसू लागलं. मग ती उताणी झोपेना. आडवी केली की डोळे पांढरे करून उठून बसायची. बापाच्या पोटाला टेकून, बसल्या बसल्या, तेवढीच तिची झोप. आई वैजंता शेजारी बसून तिच्या पायावरून हात फिरवत हळू गुणगुणायची:

वाऱ्या, हळू चाल बाबा, माझ्या अंगणाच्या कडी
लेक निजली उराशी, तिची झोप हाय थोडी

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. छातीत, श्वासनळीच्या अगदी पुढ्यात, पेरूएवढी गाठ. वाढत चाललेली. काढली नाही तर एक दिवस ती नळी मिटवणार. काढायची तर भूल द्यावी लागणार. आणि भूल द्यायचीच भीती.

"भुलीची कसली भीती?" वैजंतानं विचारलं. "माझ्या भावाचं अपेंडिक्स काढलं, भूल दिली, संध्याकाळी च्या पीत बसला की."

भूल देणाऱ्या डॉक्टर तहसीन बागवान पन्नाशीच्या, सोलापूरच्याच. बोलताना समोरच्याचा चेहरा बघत बोलायच्या. त्यांनी कागद ओढला आणि दोन टोपल्या काढल्या, एक मोठी, एक लहान.

"तुमचा भाऊ मोठा माणूस. मोठ्याची छाती म्हणजे वाळल्या बांबूची दुरडी. उतरत्या फासळ्या, ताठ. लेकराची छाती ओल्या कामट्यांची. फासळ्या आडव्या, मऊ. जागेपणी स्नायू ती दुरडी ताणून धरतात. भूल दिली की स्नायू सैल पडतात. मग श्वास ओढतो कोण? छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, एकटाच. तो खाली ओढतो. मोठ्याची दुरडी टिकते. लेकराची आत बसते. पोट वर येतं, छाती खाली जाते. बागेतल्या सी-सॉसारखं."

त्यांनी लहान टोपली पेन्सिलीनं अर्धी भरली.

"दुसरं असं, श्वास सोडल्यावरही आपल्या छातीत शिल्लक हवा राहते. भुलीत ती शिल्लक कमी होते. मोठ्या माणसाला तरी काही मिनिटं पुरते. लेकराची शिल्लक मुळात थोडी, आणि वजनाच्या मानानं त्याला ऑक्सिजन लागतो जवळजवळ दुप्पट. लेकरू बघता बघता निळं पडतं."

"मग समदी लेकरं...?" संदिपानला पुढं बोलवेना.

"नाही, नाही. रोज शेकडो लेकरांना भूल देतो आम्ही. स्नायू पुरते सैल करतो, नळी घालतो, यंत्र हवा ढकलतं. पण कस्तुराच्या छातीत गाठ आहे. आत्ता ती स्वतः श्वास ओढते, त्या ओढीनं तिची नळी उघडी राहते. ती ओढ थांबवून बाहेरून हवा ढकलली, की गाठ नळीवर उशीसारखी बसेल. तिला झोपवायचं आहे, पण तिचा श्वास तिनंच घ्यायला हवा. आणि भुलीचं औषध नेमकं मेंदूतलं श्वासाचं केंद्रच गुंगवतं."

म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. वैजंतानं पदर तोंडात धरला.

डॉक्टरीणबाईंनी मग 'सोबत'ची गोष्ट सांगितली. दोनेक वर्षांपूर्वीचं यंत्र. गळ्यातल्या शिरेतून केसाएवढी तार आत जाते आणि छाती-पोटामधल्या पडद्याला हलवणाऱ्या नसेजवळ थांबते. तारेतून इशारा गेला की पडदा खाली ओढला जातो. श्वास लेकराचाच, इशारा बाहेरचा. पण यंत्रानं आपल्या तालात इशारे दिले तर लेकराचं गुंगलेलं केंद्र त्याच्याशी झगडायचं. दोन बैल दोन बाजूंना ओढावेत तसं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ते केंद्र झोपलेलं असतं, बहिरं नसतं. ज्या छातीवर लेकरू रोज झोपलं त्या छातीचा ताल दिला, की ते झगडत नाही. ओळख पटते आणि ते मागोमाग चालू लागतं.

"म्हणजे एक माणूस शेजारी बसवायचा," त्या म्हणाल्या. "पोटाला पट्टा, नाकाशी नळी. तो श्वास घेईल तेव्हा लेकरू घेईल. तो सोडेल तेव्हा लेकरू सोडेल. श्वास किती खोल, ते यंत्र लेकराच्या मापात आणतं. ताल मात्र त्या माणसाचा."

"मी बसते," वैजंता उठलीच. "आत्ता बसवा."

पट्टा आधी तिलाच बांधला. पण वैजंता लग्नाआधी सोलापुरात चादरीच्या मागावर होती. सुताची कणी लहानपणापासून छातीत जाऊन बसलेली. तिचा श्वास शेवटाला अडखळायचा, शिट्टीसारखा वाजायचा. झोपल्या कस्तुराच्या आलेखाशी तो जुळेना. मग संदिपानला बांधला. यंत्राच्या काचेवर दोन रेघा उमटल्या, एक मोठी, एक लहान, आणि थोड्या वेळानं नदीच्या दोन काठांसारख्या बरोबरीनं चालू लागल्या.

वैजंता त्या रेघांकडे बघत राहिली.

"नऊ महिने पोटात मी वागवली," ती म्हणाली. "आन् लगीनसराईत सहा-सहा दिवस घराचं तोंड न बघणाऱ्याचा श्वास जुळला व्हय तिला?"

पट्टा सोडता सोडता संदिपाननं मान खाली घातली.

"जुळला तर जुळला," ती पुन्हा म्हणाली, आवाज फुटलेला. "पर आवं, सांभाळून घ्या. माझ्या वाटचा बी तुमीच घ्या."

सराव सुरू झाला. रोज सकाळी खुर्चीत बसायचं, पट्टा बांधायचा आणि लेकराच्या वेगानं श्वास घ्यायचा. मोठ्या माणसाला तो जरा घाईचा. पोटातून घ्यायचा, सैल सोडायचा. डॉक्टरीणबाई मुद्दाम भांडं आपटायच्या, कुणीतरी दार धाडकन लावायचं. संदिपानचा ताल हलत नसे. ज्यानं पेटत्या मांडवात सूर धरला त्याला भांड्याचं काय?

"श्वासाची आणखी काही सवय?" एकदा त्यांनी विचारलं.

त्यानं हौसेनं गाल फुगवून सूरवाल्याचा दम करून दाखवला. नाकानं चिमूटभर आत, ओठांनी लांबच लांब बाहेर. काचेवरची रेघ बघताना बागवानबाईंचा चेहरा उतरला.

"हे नाही," त्या म्हणाल्या. "संदिपान, हे तिथं चुकूनही नाही. श्वास आत येतो तेव्हा छातीतली नळी रुंदावते. बाहेर जातो तेव्हा ती आकसते. तुमचं बाहेर जाणं संपतच नाही. तिची छाती रिकामी होत जाईल, नळी आकसत जाईल, आणि गाठ वरून बसेल. मी जोड तोडू शकते, पण तोडली तर तिचं केंद्र स्वतः जागं व्हायला वेळ लागेल. तेवढी शिल्लक तिच्यापाशी नाही."

"न्हाई करणार," तो म्हणाला. "पोरीची आन."

"आणखी एक सांगते, दोघांना." त्यांनी वैजंतालाही जवळ बोलावलं. "काही थोड्या लेकरांत ही जोड लवकर सुटत नाही. ऑपरेशन संपतं, औषध उतरतं, तरी केंद्र सोबत्याच्या श्वासाची वाट बघत राहतं. तार काढता येत नाही. काही दिवस, काही महिने, सोबत्याला लेकराच्या जवळच राहावं लागतं. झोपेत, जागेपणी."

"राहीन की. कुठं जातोय?"

"आणि तुम्ही खोकलात? पडलात? तुम्हाला ताप आला?"

खिडकीबाहेर पेरू विकणारा कुणाशी तरी हुज्जत घालत होता. वैजंतानं त्या आवाजाकडे पाठ केली.

ऑपरेशनच्या दिवशी ज्ञानूदादाचा फोन आला. पंढरपूरकडं लग्न होतं; तो संदिपानच्या जागी सूरपेटी घेऊन निघाला होता. "पेटी दम न्हाई घेत, पर तिच्या गुडघ्यावर हात ठेवता येत न्हाई," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण हसू आलं नाही. "आमच्या कस्तुराला घिऊन ये माघारी."

कस्तुराला बापाच्या मांडीवरच भूल दिली. ती टेकून बसली होती, मुखवट्यातून वास येताच नाक मुरडलं. "अप्पा, कोळशासारखा वास येतोय." मग डोळे जड झाले. तिची पाठ त्याच्या पोटाला लागून हळू हळू सैल पडली, ओली माती हातात सैल पडावी तशी. तिला उचलून मेजावर कुशीवर टेकवलं, तारा जोडल्या. संदिपान डोक्याशी खुर्चीत. मध्ये हिरवं कापड. त्याला तिचं कपाळ दिसत होतं, आणि एका कानाची पाळी. भिंतीतल्या काचेपलीकडे वैजंता, दोन्ही तळवे काचेला लावून.

"जोडते," डॉक्टर तहसीन म्हणाल्या.

संदिपाननं श्वास घेतला. कापडाखाली, हाताच्या अंतरावर, एक लहान पोट वर आलं. त्यानं सोडला. ते खाली गेलं.

असं त्यानं कधी काही केलं नव्हतं. आजवर तो दुसऱ्याच्या गाण्याखाली सूर अंथरत आला होता. आज त्याच्या दमाखाली एक जीव अंथरला होता. रडू येत होतं, पण रडता येत नव्हतं. हुंदका आला तर तिलाही येईल. भीती वाटत होती, पण भिता येत नव्हतं. छाती धडधडली तरी श्वास मऊ हवा. बाप असून बापासारखं वागायची बंदी, असला तो प्रकार. त्यानं मनात वैजंताची ओवी धरली. वाऱ्या, हळू चाल बाबा. आत. माझ्या अंगणाच्या कडी. बाहेर.

बोटाला लावलेलं यंत्र टुक, टुक वाजत होतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की त्याचा आवाज उंच, कमी झाला की खाली उतरतो. संदिपानच्या कानाला तो सनईसारखाच होता: वरच्या पट्टीतली एक बारीक सनई, ठेक्यात, स्थिर.

बराच वेळ असा गेला. सर्जन हळू आवाजात काही मागत, कुणी देत. गाठ तीन बाजूंनी सुटली.

मग कुणीतरी म्हणालं, "रक्त." दुसऱ्यानं म्हटलं, "दाबा, दाबा इथं." आवाज चढले. धातू धातूवर आपटला. हिरव्या कापडाच्या कडेला एक लाल ठिपका उमटला आणि पसरू लागला.

संदिपाननं डोळे मिटले.

डोळे मिटले, तिथंच घात झाला. कारण डोळे मिटून, गोंधळाच्या मध्ये, न हलता बसायची त्याच्या देहाला एकच रीत माहीत होती. त्यानं ठरवलं नाही. गाल आपसूक भरले. ओठ आपसूक आवळले. नाकानं चिमूटभर वारा आत आला आणि ओठांतून धार सुटली, लांब, सलग, अखंड.

"संदिपान!"

त्याला ऐकू आलं. पण मांडवात हाका ऐकूच येतात. सूरवाला त्यांना ओ देत नाही.

टुक टुक खाली उतरू लागलं. एक पट्टी. आणखी एक. आणि इथं तो असा चुकला, जसा फक्त सूर धरणाराच चुकू शकतो. गाणारी सनई पट्टीतून घसरू लागली, तर सूरवाल्यानं काय करायचं? सूर आणखी घट्ट धरायचा, म्हणजे तिला परत येता येतं. बापानं हेच शिकवलं होतं. आवाज जसजसा खाली गेला, तसतसा संदिपान दम आणखी घट्ट धरत गेला, आणि जसजसा तो धरत गेला, तसतशी त्याची लेक रिकामी होत गेली.

"श्वास फिरवू नका! सोडा! संदिपान, सोडा!"

डोळे उघडले. कस्तुराच्या कानाची पाळी जांभळासारखी दिसत होती.

आता त्याला सगळं कळलं. कळून उपयोग झाला नाही. मनानं म्हटलं, सोड. गाल म्हणाले, हात कुठाय? उभ्या जन्मात सूर त्यानं स्वतः कधी थांबवला नव्हता. धरायला बापानं शिकवलं, थांबवायचा भाऊ; सोडायचं कसं, हे त्याला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. काचेपलीकडे वैजंता तळव्यांनी काच बडवत होती, आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते. आणि भाऊ पंढरपुराकडं, पेटीशेजारी.

डॉक्टर तहसीनचं बोट जोड तोडायच्या बटनावर गेलं.

संदिपाननं स्वतःचा डावा हात उचलला. तो हात त्याला परक्याचा वाटला, ज्ञानूदादाचा वाटला, जड. त्यानं तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. अंगठा आतल्या बाजूला.

ओठ उघडे पडले. धार तुटली.

क्षणभर कुठंच वारा नव्हता, ना त्याच्यात, ना तिच्यात. मग त्यानं तोंड उघडून, गावात कुठलाही अडाणी माणूस घेतो तसा, पोटातून साधा श्वास घेतला. आणि सोडला. आणि घेतला.

"घ्या," बागवानबाई अगदी हळू म्हणाल्या. "असेच घ्या." त्यांचं बोट बटनावरून अजून निघालं नव्हतं.

टुक टुक तळाशी घुटमळलं. मग एक पायरी चढलं. मग दुसरी. कानाची पाळी जांभळी होती ती करडी झाली, करडीची गव्हाळ.

सर्जननं रक्त थांबवलं. गाठ निघाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीतून पलंगावर आली, तरी जोड सुटलेली नव्हती.

औषध उतरलं होतं. कस्तुराची बोटं चाळवत होती, पापण्या थरथरत होत्या. पण काचेवर अजून त्या दोन रेघा, नदीच्या दोन काठांसारख्या. संदिपान खुर्चीतून उठला नव्हता. त्याला डुलकी लागली की वैजंता त्याच्या दंडाला चिमटा काढायची. पाणी पिताना तो घोटामध्ये थांबला, तर पलंगावरची छातीही थांबायची. मग तो पाणी तसंच ठेवून द्यायचा.

"घरी जाऊन झोपा घटकाभर, असं बी म्हणायची सोय न्हाई तुमाला," वैजंता म्हणाली. तिनं त्याच्या ओठांना ओला कापूस लावला. काल रात्रीपासून तिनं त्याच्याशी एक कडू शब्द काढला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

डॉक्टर तहसीन आल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आता बघायला हवं. आणखी वाट बघितली तर तिच्या केंद्राला तुमची सवयच लागेल. तुम्ही श्वास थांबवायचा. यंत्रातून इशारा जाणार नाही. ती स्वतः घेते का बघायचं."

"यंत्रच बंद करा की," वैजंता म्हणाली.

"बंद केलं तर पुन्हा जोडायला वेळ लागतो. हे थांबले तर हाक मारताच सुरू करतील. म्हणून यांनीच थांबायचं."

"आन् न्हाई घेतला तिनं?"

"तर मी सांगेन, आणि हे घेतील. मग तार राहील. पुन्हा काही दिवसांनी बघू." त्यांनी डोळे वळवले नाहीत. "किती दिवसांनी, ते मी सांगू शकत नाही."

संदिपाननं मान हलवली. श्वास सोडला आणि थांबायचं मनाशी धरलं. थांबेना. पोट आपसूक वर आलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आलं. थांबणं म्हणजे तिला थांबवणं. जो दम काल तुटता तुटत नव्हता, तो आज तोडायचा हात त्याच्याकडे उरला नव्हता. त्यानं डावा हात गुडघ्यावर नेला. तो घसरून मांडीवर पडला.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. "वैजे, मला न्हाई जमायचं."

वैजंता त्याच्याकडे बघत होती. तिनं गावातल्या कित्येक लग्नांत त्याला वाजवताना पाहिलं होतं, बायकांच्या घोळक्यात मागं उभं राहून. ती उठली. त्याच्या शेजारी, जिथं ज्ञानूदादा बसायचा त्या बाजूला, फरशीवर बसली. तिचा श्वास नेहमीसारखा वाजत होता, शेवटाला शिट्टी. तिचा हात मागावर काम करून करून खरबरीत झालेला. तो तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"लेक माझी बी हाय," ती म्हणाली. "काय व्हायचं ते माझ्या हातानं व्हऊ दे."

आणि दाबला. अंगठा आतल्या बाजूला.

संदिपान थांबला.

काचेवरची मोठी रेघ सपाट झाली. तिच्याखालची लहान रेघही सपाट झाली. खोलीत फक्त एक श्वास ऐकू येत होता, वैजंताचा, अडखळणारा, जो कुठल्याच यंत्रानं पसंत केला नव्हता.

कस्तुराची छाती हलली नाही.

टुक टुक अजून उंच होतं. मग त्यातला एक टुक किंचित उतरल्यासारखा वाटला. डॉक्टर तहसीन पुढं झुकल्या. त्यांनी हात वर धरला होता, खाली आणला की घ्यायचा. संदिपानच्या छातीत जाळ पेटला, कानात मांडव घुमू लागला. घे, तो मनात म्हणाला. माझ्या मागं येऊ नको. आयुष्यभर मी सूर तुटू नये म्हणून जपलो, बाई. आज एवढा तोड. माझ्यापासून तूट. वैजंताचा हात गुडघ्यावर घट्ट होत गेला, इतका की नखं रुतली, पण तिनं तो उचलला नाही.

डॉक्टरांचा हात वर. अजून वरच.

लहान रेघेला एक कंप आला. मग ती चढली, वाकडी, बेढब, मध्येच अडलेली, पहिल्यांदा चालणाऱ्या वासरासारखी. कस्तुराच्या घशातून चिडका आवाज निघाला. तिनं कुणालाही न विचारता मोठा, ओबडधोबड श्वास आत ओढला.

डॉक्टर तहसीनचा हात खाली आला, आणि त्यांनी बटन दाबून जोड तोडली. वैजंतानं कपाळ त्याच्या गुडघ्यावर टेकलं, आपल्याच हातावर.

संदिपाननं श्वास घेतला. तो घेत होता, तेव्हा त्याची लेक सोडत होती.